हळदीचा डाग



'ग्रंथपाल' हा शब्द कानी पडला की तुमच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र उभे राहते? नाकावर घसरलेला चष्मा, कपाळावर आठी, टेबलावर जाडजूड नोंदवही आणि ओठांवर ठेवलेले बोट! बोलाल तर खबरदार, हसाल तर त्याहून खबरदार! लहानपणी माझ्याही मनात असेच चित्र होते. पण आमच्या गावच्या ग्रंथपालताईंनी ते पहिल्याच भेटीत पुसून टाकले. आज मी तुम्हांला त्यांच्याविषयी सांगणार आहे. त्यांचे विनोद सांगणार आहे, त्यांचे छंद सांगणार आहे आणि आम्हा दोघींच्या हातून घडलेली एक चूकही सांगणार आहे.

माझे गाव मालेगाव. नाशिक जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे गाव. गावातून मोसम नदी वाहते. नदीच्या अलीकडे आमचे मोहल्ले, मागांची खडखड आणि उर्दू शाळा. पलीकडे मराठी वस्ती, मराठी शाळा आणि ते वाचनालय. मधला पूल ओलांडायला पाच-सात मिनिटे पुरतात. तरीही आठवीत जाईपर्यंत मी वाचनालयासाठी तो पूल एकदाही ओलांडला नव्हता. कारण मला मराठीची भीती वाटे. मराठी मला वाचता येत होती, लिहिता येत होती, परीक्षेत गुणही मिळत होते. पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटे. 'आपले काही चुकले तर लोक हसतील,' एवढाच विचार मनात येई. तुमच्यापैकी कितीजणांना असे वाटते? हात वर केला नाहीत तरी चालेल. मला ठाऊक आहे.

साल २००२ असावे. आमच्या मराठीच्या सरांनी आग्रह केला म्हणून मी मोठ्या भावाबरोबर वाचनालयात गेले. आत पुस्तकांचा आणि डांबरगोळ्यांचा मिसळलेला वास होता. टेबलामागे एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांनी सभासद होण्याचा अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, "यावर वडिलांची सही लागेल. वडील कुठे आहेत?"

मी घरी बोलते तसेच, पण मराठीत, उत्तर दिले, "वडील दप्तरात गेले आहेत."

बाईंनी माझ्या खांद्यावरच्या दप्तराकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाल्या, "बरे झाले, बरोबरच आणलेस. काढ त्यांना बाहेर, सही घेऊन टाकू."

वाचनालयातले सगळे वाचक हसले. माझा भाऊही हसला. माझे कान तापले. आता पळून जावे असे मला वाटले. तेवढ्यात बाई उठल्या आणि टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या. त्यांनी एका कोऱ्या चिठ्ठीवर 'दप्तर' हा शब्द लिहिला. त्या म्हणाल्या, "हा शब्द तुमच्या घरातून आमच्या घरात आला आहे, बरे का! तुमच्याकडे दफ्तर म्हणजे कचेरी. आमच्याकडेही जुन्या काळी दप्तर म्हणजे कचेरीतले कागदपत्रच होते. पुण्याचे पेशवे दप्तर प्रसिद्ध आहे. पुढे कागद बांधून ठेवायचे ते दप्तर झाले आणि शेवटी ते मुलांच्या पाठीवर येऊन बसले. पण गंमत ऐक. हा शब्द तुमचाही नाही. तो फारसीत आला ग्रीक भाषेतून. तिकडे त्याचा अर्थ होता कमावलेले कातडे. पूर्वी कातड्यावर लिहीत ना! म्हणजे तुझे वडील कातड्यात, माझी वही कातड्यात आणि आपण दोघी आपापल्या कातड्यात!"

या वेळी मीही हसले. भीती कुठल्या कुठे पळाली. ती चिठ्ठी मी घरी नेली आणि बरीच वर्षे जपून ठेवली. पुढे मी बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि त्याच गावात उर्दू शाळेत मराठी शिकवू लागले. त्या सर्व वाटचालीत ताईंचा वाटा फार मोठा आहे.

ताईंचा स्वभाव असा. त्यांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी गमतीचे दिसते. आणि गंमत दिसली की ती एकट्याने ठेवून घेणे त्यांना जमत नाही. पूर्वी त्या आपले विनोद वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. वाचनालय बंद झाले. मालेगावात तर करोनाच्या साथीने थैमान घातले होते. रस्ते ओस पडले, मागांची खडखड थांबली. त्या दिवसांत ताईंनी मोबाइलवर सभासदांचा एक व्हॉट्सअॅप गट तयार केला. फळा गेला आणि त्याच्या जागी मोबाइल आला. त्यांचा पहिला संदेश मला अजून आठवतो. तो असा होता : 'आमची शंभरावर पुस्तके सध्या तुमच्या घरी पाहुणी म्हणून अडकली आहेत. दंड माफ. पाहुण्यांना जेवायला घालू नका, उन्हात बसवू नका, पाण्यात भिजवू नका. फक्त त्यांच्याशी बोला. ती एकटी पडली आहेत आणि तुम्हीही.'

त्या भयाण दिवसांत हा संदेश वाचून कितीतरी घरांत हसू उमटले असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये वाचनालये पुन्हा उघडली, पण गट मात्र चालूच राहिला. आता त्यात दोनशेच्या आसपास सभासद आहेत. नदीच्या अलीकडचेही आहेत आणि पलीकडचेही.

त्या गटावर ताई काय काय पाठवतात, याची थोडी चुणूक दाखवते.

त्यांचा एक आवडता विषय आहे वाळवी. वाळवी म्हणजे उर्दूत दीमक. वाचनालयाची ही मोठी शत्रू. एकदा ताईंनी कुरतडलेल्या पुस्तकाचे छायाचित्र पाठवले. आता हे समजण्यासाठी तुम्हांला एक गोष्ट माहीत हवी. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये पुस्तकांची मांडणी करण्यासाठी दशांश वर्गीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात सर्व ज्ञानाचे दहा मुख्य विभाग आहेत आणि प्रत्येक विषयाला क्रमांक आहे. ५०० म्हणजे विज्ञान, ८०० म्हणजे साहित्य. कीटकांचा क्रमांक ५९५.७. ताईंनी लिहिले होते : 'काल वाळवीने ५९५.७ क्रमांकाचे पुस्तक खाल्ले. एवढ्या कपाटांतून नेमके तेच शोधून काढले. स्वतःचे चरित्र वाचायला कुणाला आवडत नाही?' आणि खाली लिहिले होते : 'आमची ही एकच वाचक अशी आहे, जी पुस्तक पूर्ण पचवते.'

हसता हसता मी त्या दिवशी दशांश वर्गीकरण शिकले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना विचारले, "क्रिकेटची पुस्तके कुठल्या क्रमांकावर असतील?" चार मुले त्याच संध्याकाळी पूल ओलांडून वाचनालयात गेली आणि ७९६.३५८ हा क्रमांक शोधून आली.

ताईंचा दुसरा छंद म्हणजे परत आलेल्या पुस्तकांत सापडणाऱ्या वस्तू. वाचक खूण म्हणून पुस्तकात काय काय ठेवतात, याची तुम्हांला कल्पना नाही. एस.टी.चे तिकीट, मोरपीस, औषधाची चिठ्ठी, किराणा मालाची यादी, लसणाची साल. ताई या वस्तू एका पत्र्याच्या डब्यात जमवतात आणि दर रविवारी एकीचे छायाचित्र पाठवतात. 'किराण्याच्या यादीत साखर दोनदा लिहिली आहे. लेखक विसराळू आहे किंवा घरी लग्न आहे.' असे काहीतरी त्याखाली लिहिलेले असते. ज्याची वस्तू असेल तो मग लाजत लाजत ती घेऊन जातो.

जुनी पुस्तके दुरुस्त करणे हा त्यांचा तिसरा छंद. सुट्टीच्या दिवशी त्या मैद्याची खळ शिजवतात. खळीत थोडे मोरचूद टाकतात, म्हणजे तिला कीड लागत नाही. मोरचूद विषारी असते, म्हणून हे काम त्या मुलांच्या हाती कधीच देत नाहीत. फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावतात, सुटलेली शिवण पुन्हा घालतात. 'आज दवाखाना उघडा आहे. पाठीचे दुखणे असलेली तीन पुस्तके आली आहेत.' असा त्या दिवशीचा संदेश असतो.

आणि शुक्रवारी? शुक्रवारी आमच्याकडे माग बंद असतात. माणसे घरी असतात. म्हणून त्या दिवशी ताई शब्दांची गंमत पाठवतात. उर्दूत आणि मराठीत सारखेच दिसणारे, पण स्वभावाने निराळे असे शब्द त्या निवडतात. पाहा बरे : उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण, मराठीत 'तालीम' म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. उर्दूत 'फाजिल' म्हणजे विद्वान, मराठीत 'फाजील' म्हणजे गरजेपेक्षा जास्त. ताईंनी लिहिले : 'एका गृहस्थांनी सांगितले, मुलाला उत्तम तालीम द्या. शेजाऱ्याने त्याला आखाड्यात नेले. आता मुलगा शाळेत सर्वांना चीत करतो, फक्त गणित त्याला चीत करते.'

या शब्दांची एवढी आवड का, असे मी त्यांना एकदा विचारले होते. त्यांनी मला साहित्याच्या कपाटापाशी नेले. म्हणाल्या, "हे बघ. उर्दू साहित्याचा क्रमांक ८९१.४३९. मराठीचा ८९१.४६. मध्ये बंगाली, असमिया, ओडिया ही मंडळी बसतात. पण आपल्याकडे त्यांची पुस्तके दोन-चारच. म्हणून एक हात उर्दूवर ठेवला तर दुसरा मराठीवर सहज पोचतो. कपाटात अंतर एवढेच आहे. गावात मात्र मध्ये नदी आहे." एवढे बोलून त्या गप्प झाल्या. त्या वेळी त्यांनी विनोद केला नाही.

दरवर्षी १२ ऑगस्टला ताईंचा संदेश जरा लांबलचक असतो. तो दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा तो जन्मदिवस. त्यांचा जन्म १८९२ चा. ते मुळात गणिताचे शिक्षक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. तेव्हा काय झाले असेल? त्यांना ते काम इतके कंटाळवाणे वाटले की थोड्याच दिवसांत ते आपल्या जुन्या महाविद्यालयाकडे गेले आणि 'मला परत शिकवायला घ्या' असे म्हणू लागले. मग असे ठरले की त्यांनी आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यावे. तिथे त्यांनी अनेक ग्रंथालये पाहिली आणि त्यांचे मनच पालटले. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. छोट्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू जोडून त्यातून हवी ती वस्तू बनवता येते. पुस्तकांच्या विषयांचेही असेच सुटे भाग करून जोडता येतील, ही कल्पना त्यांना तिथे सुचली. त्यातून पुढे १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती. पुस्तक हे कुलपात ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते, जसे प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळायला हवे तसेच प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळायला हवा, अशा अर्थाची ती सूत्रे जगभरातले ग्रंथपाल आजही शिकतात.

ताई लिहितात : 'ज्यांना ग्रंथालयातून पळून जायचे होते, तेच ग्रंथपालांचे गुरू झाले. तेव्हा मुलांनो, तुम्हांला आज वाचनाचा कंटाळा येत असेल तर घाबरू नका. सुरुवात तर बरोबर झाली आहे.'

मित्रांनो, आता मी त्या चुकीकडे येते.

२०२२ सालचा पावसाळा होता. माझ्या वर्गात आठवीत एक मुलगी होती. तिचे नाव मी सांगणार नाही. ती अबोल होती. मराठीच्या तासाला मान खाली घालून बसे. मला तिच्यात आठवीतली मीच दिसे. मी तिच्या मागे लागून तिला वाचनालयाची सभासद केले. लोककथांचे एक जाड पुस्तक तिने निवडले. पंधरा दिवसांनी तिने ते परत केले, आणखी पंधरा दिवसांसाठी मागून घेतले आणि मग पुन्हा परत केले.

दुसऱ्या दिवशी गटावर त्या पुस्तकाच्या एका पानाचे छायाचित्र आले. पानावर हळदीचा पिवळा डाग होता आणि तेलाचे दोन-तीन ठिपके होते. खाली ताईंनी लिहिले होते : 'काही वाचक पुस्तक वाचतात. या वाचकाने ते चाखले. मीठ बरोबर होते का, तेवढे कळवा!'

गटावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी विचारले, 'भाजी कोणती होती?' कुणी लिहिले, 'फोडणी चांगली बसलेली दिसते.' आणि खरे सांगते मित्रांनो, मीही एक हसरा चेहरा पाठवला. ते पुस्तक कुणाकडे होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

पण वर्गातल्या मुलींच्या ध्यानात आले. त्या मुलीच्या भावाच्याही आले, कारण तो गट त्याच्या मोबाइलवर होता. त्याने घरी तिची चेष्टा केली. मुलींनी मधल्या सुट्टीत तिला 'फोडणी' म्हणून हाक मारली. ती वाचनालयात जायची थांबली. पुढे शाळेतही दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी मला कारण कळले, तेव्हा माझ्या हातातला खडू खाली पडला.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. घर म्हणजे एकच खोली. एका कोपऱ्यात चूल, म्हणजे गॅसची शेगडी, आणि दुसऱ्या कोपऱ्यात अंथरुणांची वळकटी. तिची आई दिवसभर कांड्या भरण्याचे काम करते. आईने मला चहा दिला आणि संकोचाने म्हणाली, "मिस, पुस्तक खराब झाले त्यात तिची चूक नाही. चूक माझी आहे."

मग तिने जे सांगितले ते असे. आईला वाचता येत नाही. रोज रात्री आई स्वयंपाक करी तेव्हा मुलगी शेगडीपाशी बसून पुस्तकातली एक गोष्ट वाची. एक वाक्य मराठीत वाचायचे, मग त्याचा अर्थ आईला उर्दूत सांगायचा. असे करत करत साऱ्या गोष्टी संपल्या. पण आईला एक गोष्ट फार आवडली होती. ती पुन्हा ऐकायची म्हणून मुलीने पुस्तक आणखी पंधरा दिवस मागून घेतले. एका रात्री ती गोष्ट ऐकताना आईला राहवले नाही. 'हे कुठे लिहिले आहे, मला दाखव,' असे म्हणून तिने पानावर बोट ठेवले. बोटाला हळद होती.

मित्रांनो, मी काय बोलणार? चहा तसाच निवत राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पूल ओलांडून वाचनालयात गेले आणि ताईंना सर्व हकिगत सांगितली. त्या ऐकत होत्या. बराच वेळ त्यांनी काही म्हटले नाही. मग त्यांनी ते पुस्तक कपाटातून काढले, डागाचे पान उघडले आणि त्यावर हात ठेवून बसल्या.

मी म्हणाले, "ताई, तुम्ही मलाही एकदा हसला होता. दप्तरावरून. पण तेव्हा मला लागले नाही. मग तिला का लागले?"

ताई म्हणाल्या, "लागले तुलाही होते. तुझे कान लाल झाले होते. ते मला दिसले म्हणून मी उठून तुझ्याजवळ आले. मोबाइलवर कुणाचे कान दिसत नाहीत गं. माझी थट्टा दोनशे घरांत गेली आणि मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही."

हे वाक्य मी कधीच विसरणार नाही. मुलांनो, तुमच्याही घरी आज मोबाइल आहेत. तुम्हीही एकमेकांना विनोद पाठवता, चित्रे पाठवता. समोरासमोर थट्टा केली तर समोरच्याचा चेहरा आपल्याला थांबवतो, चूक झालीच तर ती लगेच सुधारता येते. मोबाइलवर तो चेहरा नसतो. तिथे हसणारे सगळे दिसतात, पण रडणारा एकटा दिसत नाही.

त्या रात्री गटावर ताईंचा संदेश आला. त्यात गंमत नव्हती. 'मागच्या आठवड्यात मी एका पुस्तकावरच्या डागाची थट्टा केली. तो डाग कसा पडला, हे मी विचारले नव्हते. आता मला कळले आहे. एका वाचकाने ते पुस्तक दुसऱ्या एका व्यक्तीला वाचून दाखवले. म्हणजे एका पुस्तकाला दोन वाचक मिळाले. ग्रंथपालाला याहून मोठा आनंद नाही आणि मी त्याचीच थट्टा केली. चूक माझी आहे. मी मनापासून क्षमा मागते. यापुढे मी पुस्तकांची थट्टा करीन, वाळवीची करीन, माझी स्वतःची करीन. वाचकाची करणार नाही.'

चूक सर्वांसमोर झाली होती, म्हणून क्षमाही सर्वांसमोर मागितली. मुलीचे नाव मात्र त्यांनी कुठेच येऊ दिले नाही. त्या संदेशाखाली मीही लिहिले, 'मीही हसले होते. मलाही क्षमा करा.' माझ्यानंतर आणखी काहीजणांनी तसेच लिहिले. वर्गात मी मुलींना काही उपदेश केला नाही. तो संदेश तेवढा मोठ्याने वाचून दाखवला. 'फोडणी' हे नाव त्या दिवसापासून पुन्हा ऐकू आले नाही.

तुम्हांला वाटेल की ती मुलगी लगेच दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेली असेल. तसे झाले नाही. मन काही पुस्तकाचे पान नव्हे, की खळ लावली आणि चिकटले. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. ताई दर आठवड्याला मला विचारत, "आली का ती शाळेत? हसते का?" मी म्हणे, "शाळेत येते. अजून हसत नाही."

दिवाळीची सुट्टी संपली. एका शनिवारी मी वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. दार उघडून ती आत आली. मागे तिची आई होती. आई पहिल्यांदाच तो पूल ओलांडून वाचनालयात आली होती आणि दारापाशीच उभी होती. ताई लगबगीने उठल्या, टेबलाला वळसा घालून पुढे आल्या आणि त्यांनी आईसाठी खुर्ची ओढली.

मुलीने तेच लोककथांचे पुस्तक पुन्हा मागितले. ताईंनी ते आणून दिले. डागाच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवले होते : 'ही गोष्ट आवडली.' मुलीने ते वाचले, आईला अर्थ सांगितला. आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते मला दिसले नाही.

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आले. त्याला खाकी कागदाचे वेष्टन घातलेले होते. मुलीने ते टेबलावर ठेवले, ताईंकडे पाहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "ताई, या वेळी पुस्तकाला उपाशीच ठेवले. एक घाससुद्धा दिला नाही."

क्षणभर शांतता पसरली. मग ताई इतक्या मोठ्याने हसल्या की वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनी दचकून चष्मा काढला. ती मुलगीही हसली. आणि मी? मी खिडकीतून बाहेर पाहत डोळे पुसले.

मित्रांनो, मी मराठीची शिक्षिका आहे. व्याकरण शिकवते, निबंध तपासते, गुण देते. पण त्या दिवशी मला एक गोष्ट नव्याने समजली. एखाद्या भाषेत आपल्याला पत्र लिहिता आले, अर्ज करता आला, म्हणजे ती भाषा आपल्याला येऊ लागली असे म्हणता येईल. पण ज्या दिवशी त्या भाषेत आपल्याला स्वतःच्या दुःखावर विनोद करता येतो आणि समोरच्याला हसवता येते, त्या दिवशी ती भाषा आपली होते. त्या मुलीला त्या वर्षी मराठीत किती गुण मिळाले, हे मला आज आठवत नाही. तिचे ते एक वाक्य मात्र मला तोंडपाठ आहे.

तेव्हा तुमच्या गावात वाचनालय असेल तर एकदा तरी जाऊन या. मधे नदी असेल तर पूलही असेलच. पुस्तक घरी आणले की आईला, आजीला, धाकट्या भावंडांना वाचून दाखवा. बोलताना शब्द चुकला तर चुकू द्या. लोक हसले तर तुम्हीही त्यांच्याबरोबर हसा. पण कुणावर हसण्यापूर्वी, विशेषतः मोबाइलवर बोट टेकवण्यापूर्वी, त्या माणसाचे कान लाल तर होणार नाहीत ना, याचा क्षणभर विचार करा.

आणि हो, पुस्तक वाचताना जवळ जेवणाचे ताट असेल, तर आधी हात धुवा. एवढे मात्र ताईंनी तुम्हांला मुद्दाम सांगायला सांगितले आहे.